वेशीबाहेरची शाळा आणि घरातली भाषा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त भुवनेश्वर येथे झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी बोलून गेलेली मंडळी विद्वान होती. कोणी संतवाङ्मयावर बोलले, कोणी ओडिशातील मराठा राजवटीवर. मी साधा बी. ए. झालेला, केंद्र सरकारच्या लेखा खात्यात आयुष्य घालवलेला मनुष्य आहे. दुसऱ्यांच्या हिशेबातील चुका शोधणे हा माझा व्यवसाय. कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मनात आले की निदान एकदा स्वतःच्या घरचा हिशेब तपासावा, आणि तोही आपणां सर्वांसमक्ष. म्हणून आज मी बोलणार आहे ते आपल्या मुलांच्या शाळेविषयी, म्हणजेच केंद्रीय विद्यालयाविषयी, आणि त्या शाळेने आम्हांला काय दिले व काय दिले नाही याविषयी.

या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची मुले याच शाळांतून शिकली. रेल्वे, बँका, महालेखापाल कार्यालय, सुरक्षा दले अशा नाना निमित्तांनी आपण येथे आलो. जुन्या पिढीला हा प्रश्न फार कठीण होता. वडिलांची बदली झाली की मुलांचे वर्ष फुकट जायचे, नाहीतर मुले गावी आजोळी ठेवावी लागायची. प्रत्येक राज्याचे माध्यम निराळे, पुस्तके निराळी आणि परीक्षा निराळ्या. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये केंद्र सरकारने यावर एक योजना मंजूर केली. लष्कराच्या तुकड्यांजवळ चालणाऱ्या २० शाळा १९६३-६४ या वर्षी ताब्यात घेऊन तिचा आरंभ झाला, आणि १५ डिसेंबर १९६५ रोजी केंद्रीय विद्यालय संगठनाची रीतसर नोंदणी झाली. त्या वीस शाळांच्या आज बाराशेंहून अधिक शाळा झाल्या आहेत, आणि त्यांपैकी तीन तर काठमांडू, मॉस्को व तेहरान येथे परदेशात आहेत.

माझी या शाळेशी पहिली गाठ २००७ साली जबलपूरला पडली. थोरल्या मुलाला पहिलीत घालायचे होते. प्रवेशाचा अर्ज भरताना एक रकाना पाहून मी चकित झालो. मागील काही वर्षांत पालकाच्या किती बदल्या झाल्या हे त्यात विचारले होते, आणि जितक्या बदल्या जास्त तितका प्रवेशाचा अधिकार मोठा! बदली म्हणजे बिऱ्हाड मोडणे, भांडी पोत्यात बांधणे, आईच्या डोळ्यांत पाणी आणि घरमालकाशी वाद, एवढेच मला ठाऊक होते. बदलीचेही कोठेतरी गुण मिळतात हे त्या दिवशी प्रथमच कळले. पुणे, नागपूर, जबलपूर अशी यादी मी मोठ्या अभिमानाने लिहिली.

दोन वर्षांनी गुवाहाटीची बदली आली तेव्हा या व्यवस्थेची खरी किंमत कळली. जबलपूरला जो धडा अर्धा राहिला होता, तोच धडा गुवाहाटीच्या वर्गात पुढे चालू झाला. पुस्तके तीच होती, आणि गणवेशही तोच असल्यामुळे नवा शिवावा लागला नाही. सकाळच्या प्रार्थनेचा क्रमही तसाच. हजार कोसांवर नेऊन सोडलेले मूल दुसऱ्याच दिवशी रांगेत उभे राहून प्रतिज्ञा म्हणू लागले. आम्ही उभयता त्या गावात महिनाभर वाट चुकत होतो. मुलगा मात्र पहिल्या दिवसापासून घरी असल्यासारखा वागत होता. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या हायस्कुलात शिकलेल्या माझ्यासारख्याला हे एक आश्चर्यच होते.

२०१६ साली आम्ही भुवनेश्वरला आलो. धाकटी मुलगी ज्या विद्यालयात जाऊ लागली ते शहराच्या वेशीबाहेर, जेथे वसाहतींची घरे संपून लाल माती आणि काजूची झाडे सुरू होतात अशा जागी आहे. पावसाळ्यात तिचे पांढरे बूट संध्याकाळी विटकरी रंगाचे होऊन परत येत. इमारत साधी, मैदान मोठे. शाळेच्या नावाच्या पाटीखाली जे बोधवाक्य असते ते ईशावास्य उपनिषदातील आहे. सत्याच्या मुखावर सोन्याचे झाकण आहे, हे पूषन्, ते तू दूर कर, अशी ती प्रार्थना. हे झाकण माझ्याच डोळ्यांवर होते हे मला पुढे कळायचे होते.

शाळेत चालणारे उपक्रम मी येथे थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त केल्यावाचून पुढचे बोलणे अन्यायाचे होईल. सकाळची सभा हा या शाळेचा प्राण आहे. रोज कोणी एक मूल बातम्या वाचते, कोणी सुविचार सांगते, कोणी पाच मिनिटे भाषण करते. प्रत्येक वर्गाची पाळी येते, त्यामुळे लाजाळू मुलालाही वर्षातून दोन-तीनदा हजारभर डोळ्यांसमोर उभे राहावेच लागते. धाकट्यांना बालवीर व बुलबुल, मोठ्यांना स्काउट व गाइड, क्रीडास्पर्धा, विज्ञानप्रदर्शन आणि युवा संसद असा वर्षभराचा क्रम असतो. युवा संसदेत मुले सभापती होतात, मंत्री होतात आणि विरोधी पक्षनेतेही होतात. आमच्या कन्येने एकदा अर्थमंत्री म्हणून असे काही उत्तर दिले की माझ्या कार्यालयातील टिपणी त्यापुढे फिकी पडावी. हे सर्व करताना शिक्षण स्वस्त राहिले. आठवीपर्यंत शिक्षणशुल्क नाही, आणि मुलींना त्यानंतरही माफ. शिपायाचे मूल आणि आयुक्ताचे मूल एका बाकावर बसलेले मी पाहिले आहे.

मुलांचे चार गट पाडलेले असतात, त्यांना सदन म्हणतात. बहुतेक विद्यालयांत त्यांची नावे शिवाजी, टागोर, अशोक आणि रमण अशी आहेत. गुवाहाटीला थोरल्याला टागोर सदन मिळाले तेव्हा तो हिरमुसला. त्याला वाटले होते, आपण महाराष्ट्रातले म्हणून आपल्याला शिवाजी सदन हक्काने मिळेल. शिवाजी सदनाचा कप्तान होता एक मिझो मुलगा. वार्षिक क्रीडादिनी त्या मुलाच्या मागे असमिया, बंगाली आणि नागा मुले छत्रपतींच्या नावाचा घोष करीत धावत होती, आणि माझा मुलगा कडेला उभा राहून रवींद्रनाथांच्या नावाने ओरडत होता. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आले. ज्या धौलीच्या खडकावर अशोकाचे लेख कोरलेले आहेत ती धौली येथून हाकेच्या अंतरावर आहे. तेथे सहलीला गेलेल्या अशोक सदनाच्या मुलांत एखादा कुलकर्णी, एखादा जाधव असतोच. मुलांच्या मनात देश असाच वसतो. हे काम या शाळांनी केले, आणि फार चांगले केले, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आता मी खर्चाच्या बाजूकडे वळतो.

२०१७-१८ साली मुलगी सातवीत होती. 'एक भारत श्रेष्ठ भारत' या उपक्रमात राज्यांच्या जोड्या लावलेल्या आहेत, आणि त्यात ओडिशाची जोडी महाराष्ट्राशी आहे हे आपण जाणताच. त्यामुळे येथील शाळांतून महाराष्ट्राची वेशभूषा, खाद्यपदार्थ, नृत्य आणि थोडी मराठी भाषा मुलांना शिकवतात. शाळेत कार्यक्रम ठरला. तीन-चार मुलींनी 'आमची शाळा' या विषयावर मराठीत दहा-दहा वाक्ये म्हणायची होती. बाईंनी साहजिकच आमच्या मुलीला पुढे केले. घरात आनंद झाला. पत्नीने नऊवारी काढली आणि नथ शोधली. मी कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

प्रथम तिची एक ओडिया मैत्रीण आली. बाईंनी तिला मराठी वाक्ये ओडिया लिपीत उतरवून दिली होती. ती थोडी अडखळली, पण 'शाळा', 'फळा', 'सकाळ' हे शब्द तिने असे स्वच्छ उच्चारले की आपल्या सांगली-साताऱ्याच्या मुलीनेही मान डोलवावी. यात नवल नाही, कारण ओडिया भाषेत 'ळ' आहे. 'विद्यालय' या शब्दातही ते लोक 'ळ'च उच्चारतात. मग आमची कन्या आली. तिच्या हातात मी स्वतः देवनागरीत लिहून दिलेला कागद होता. तिने पहिलेच वाक्य वाचले आणि म्हणाली, 'आमची शाला.' पुढच्या ओळीत 'फला' आला, त्यापुढे 'सकाल'. पाचव्या वाक्याला ती थांबली, कागद डोळ्यांजवळ नेला, आणि बाईंकडे वळून हळूच हिंदीत विचारू लागली की हे अक्षर कोणते.

सभागृहातील कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. टाळ्या झाल्या. बाईंनी तिची पाठ थोपटली. मी मात्र खुर्चीत रुतून बसलो होतो. घरी जेवताना ती 'बाबा, भाजीत मीठ जास्त झालंय' असे अस्खलित मराठीत बोलत असे. त्यात 'जेवायला वाढ', 'डोळे दुखतात', 'कंटाळा आला' सारे होते. तोंडात 'ळ' होता, पण कागदावर तो कधी भेटलाच नव्हता. हिंदीच्या वर्णमालेत ते अक्षर शिकवत नाहीत. शाळेत ती हिंदी, इंग्रजी आणि संस्कृत अशा तीन भाषा वाचत होती आणि उत्तम गुण मिळवत होती. मराठी ती केवळ ऐकत होती. तिची मराठी स्वयंपाकघरात सुरू होऊन दिवाणखान्यात संपत होती.

याहून मोठा धक्का पुढे होता. माझी आई वाई तालुक्यातील आमच्या गावी राहत असे. चौथी शिकलेली. दर महिन्याला नातीला एक पोस्टकार्ड लिहायची, आणि ते मी वाचून दाखवायचो. त्या कार्यक्रमानंतर काही दिवसांनी नातीच्या मनात आले की आजीला आपण स्वतः पत्र लिहावे. तिने हौसेने दोन पाने लिहिली. हिंदीत. शाळेत हिंदी पत्रलेखनात तिचा पहिला क्रमांक आला होता, तेव्हा पत्र सुंदरच होते. मी ते वाचले, थोडा थांबलो, पण मुलीचा हिरमोड होईल म्हणून टपालात टाकले. तीन आठवड्यांनी आईचे कार्ड आले. लिहिले होते, 'बाळ, तुझे अक्षर मोत्यासारखे आहे. मी पुन्हा पुन्हा पाहिले. अर्थ मात्र शेजारच्या मास्तरांनी सांगितला.'

ही एक ओळ मी त्या वेळी तिला वाचून दाखवली नाही.

मित्रहो, मी लेखापरीक्षक आहे. आक्षेप काढताना तो योग्य खात्यावर काढावा हा आमच्या धंद्यातील पहिला नियम. म्हणून मी स्वतःला विचारले, हा आक्षेप कोणावर काढायचा? शाळेवर काढता येत नाही. देशाच्या कोनाकोपऱ्यातून आलेल्या मुलांना एका वर्गात बसवणाऱ्या शाळेने पंधरा मातृभाषा कशा शिकवाव्यात? आणि तरीही तिने दार पूर्ण बंद केलेले नाही. पुरेशा संख्येने विद्यार्थ्यांनी मागणी केली, तर प्रादेशिक भाषा वा मातृभाषा जादा विषय म्हणून शिकवण्याची सोय करण्याची तरतूद या विद्यालयांच्या नियमांत आहे. मी प्राचार्यांना भेटलो. त्यांनी आस्थेने ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, 'आपली मुले किती?' मी मोजू लागलो. शाळेतील सगळ्या इयत्ता धरून मराठी आडनावांची मुले अकरा निघाली. त्यांतल्या चौघांच्या पालकांनी मला सांगितले की मुलांवर आधीच अभ्यासाचा बोजा फार आहे, त्यात मराठी कशाला? संख्या भरेना. मग प्राचार्यांना काय म्हणणार?

मागे वळून पाहिले तर माझा स्वतःचा दोष अधिकच ठळक दिसतो. २०१४ साली आम्ही सिकंदराबादला होतो आणि थोरला आठवीत होता. केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून जर्मन चालू ठेवावी की तिच्या जागी संस्कृत आणावी, यावर त्या वर्षी देशभर मोठा वाद झाला. वर्ष मध्यावर असताना निर्णय झाला आणि जर्मनच्या जागी संस्कृत आली. आम्हां पालकांत तावातावाने चर्चा चालत. मीही त्यात भाग घेतला. जर्मनचे फायदे सांगितले, संस्कृतची थोरवी सांगितली. परंतु माझ्या मुलाला त्याच्या आजीची भाषा वाचता येते का, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नाही. मराठी ही रक्तात असते, ती शिकवावी लागत नाही, अशी माझी समजूत होती. रक्तात असते ती चव आणि हेका. अक्षरे मात्र गिरवावीच लागतात.

तेव्हा आक्षेप माझ्याच नावावर निघाला. आणि आमच्या खात्यात आक्षेपाला नुसती दिलगिरी चालत नाही, अनुपालन दाखवावे लागते.

ते अनुपालन या मंडळाच्या आश्रयाने झाले. जून २०१८ मध्ये दर रविवारी सकाळी दोन तासांचा मराठी वर्ग सुरू करण्याची परवानगी आपल्या कार्यकारिणीने दिली. मागच्या खोलीत गणपतीच्या मखराचे सामान होते, ते बाजूला सरकवून सतरंजी टाकली. पहिल्या रविवारी सात मुले आली. शिकवायला मी आणि आपल्या दोन भगिनी. त्यांपैकी एक पूर्वी महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षिका होत्या. हे मी आवर्जून सांगतो, कारण वर्ग त्यांनी टिकवला. मी फक्त हजेरी घेत होतो.

पुस्तकांचा प्रश्न लवकर सुटला. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाची, म्हणजे आपल्या 'बालभारती'ची पुस्तके आता संगणकावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. मुलांना देवनागरी ठाऊक होतीच, त्यामुळे आरंभ सोपा गेला. कोठे अडते हे मात्र महिनाभरात ध्यानात आले. पहिला अडसर 'ळ' चा. दुसरा 'च' आणि 'ज' यांच्या दोन उच्चारांचा. 'चार' मधला 'च' आणि 'चाक' मधला 'च' निराळा हे लिहून दिसत नाही, ऐकूनच शिकावे लागते. तिसरा अडसर ओळखीच्या शब्दांचा. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत दंड. एका मुलाने निबंधात 'माझे बाबा मला चांगली शिक्षा देतात' असे लिहिले तेव्हा त्याच्या वडिलांची आम्ही बरेच दिवस थट्टा केली.

बाईंनी एक नियम घालून दिला होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रत्येक मुलाने एक पत्र लिहायचे, ते महाराष्ट्रातील कोणा वडीलधाऱ्या माणसालाच, आणि ते खरोखर टपालात टाकायचे. व्याकरणाच्या चुका दुरुस्त करायच्या नाहीत. चुकांसह पाठवायचे. आजी-आजोबांची उत्तरे येऊ लागली, आणि वर्गाला आमची गरज कमी वाटू लागली. मिरजेहून, अकोल्याहून, रत्नागिरीहून पत्रे येत. कोणी पावसाची हकिकत लिहिली, कोणी गाय व्याल्याची. एका आजोबांनी आपल्या तरुणपणच्या दुष्काळाविषयी चार पाने लिहिली, जी त्यांनी आपल्या मुलाला कधी सांगितली नव्हती. तो मुलगा, म्हणजे आमचे सदस्यमित्र, ते पत्र हातात घेऊन वर्गाच्या दाराशी बराच वेळ उभे होते.

दुसऱ्या वर्षी मुले बारा झाली. त्यांत तिघे मराठी नव्हते. त्यांतली एक म्हणजे आमच्या मुलीची ती ओडिया मैत्रीण. मी तिला विचारले, 'तू का येतेस?' ती म्हणाली, 'काका, कार्यक्रमात मी जे बोलले त्याचा अर्थ मला कळून घ्यायचा आहे.' आपल्याच घरांतून असे उत्तर मला मिळाले असते तर किती बरे झाले असते!

२०२० साली साथ आली, सभागृहाला कुलूप लागले, वर्ग पडद्यावर गेला. त्याच वर्षी माझी बदली कोलकात्याला झाली. मुलीच्या शिक्षणासाठी कुटुंब येथेच ठेवले. वर्ग खंगला, पण मेला नाही. माझ्या आईला नातीचे पहिले मराठी पत्र २०१८ च्या दिवाळीत मिळाले होते. दहा ओळींचे, त्यात सतरा चुका. लेखापरीक्षकाची सवय, मी मोजल्या होत्या. आईने उत्तर लिहिले की या वेळी मास्तरांकडे जावे लागले नाही. त्यानंतर दोघींचा पत्रव्यवहार चालू राहिला, आणि त्यात काय असे हे मला कोणी सांगेनासे झाले. २०२१ साली आई गेली. दिवसकार्य उरकल्यावर तिची ट्रंक उघडली तर नातीची पत्रे एका जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून ठेवलेली होती. सर्वांत वर ते हिंदी पत्रही होते, आणि त्याच्या समासात मास्तरांनी सांगितलेला अर्थ आईने पेन्सिलीने लिहून ठेवला होता. ओळीसमोर ओळ. नातीचे शब्द कळावेत म्हणून चौथी शिकलेल्या त्या बाईने पंचाहत्तराव्या वर्षी भाषांतर केले होते. तो कष्ट खरे तर मी करावयाचा होता, आणि तोही वेळेवर.

मी हे सांगतो ते आपली सहानुभूती मिळवण्यासाठी नव्हे. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळापुढे मागणी ठेवायची आहे, आणि मागणीला आधार लागतो, म्हणून हे कागदपत्र जोडले.

माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली अशी की शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी मंडळाने शहरातील सर्व मराठी मुलांची शाळावार यादी करावी. प्राचार्यांनी 'किती?' असे विचारले तर उत्तर तयार हवे. एका शाळेत संख्या भरली नाही तरी प्रयत्न सोडू नये. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या विषयांत मराठी आहे. मुक्त विद्यालयाच्या परीक्षेतही ती घेता येते. ज्या मुलांना पुढे जावयाचे आहे त्यांना वाट दाखवणारा एक जाणकार मंडळात असावा.

दुसरी मागणी रविवारच्या वर्गाविषयी. त्याला अंदाजपत्रकात स्वतंत्र रकाना द्यावा. गणेशोत्सवाला आपण जो खर्च करतो त्याविषयी मला तक्रार नाही. आरतीच्या वेळी सगळी मुले येतात, टाळ वाजवतात आणि पाठ केलेली आरती म्हणतात. परंतु पुस्तिका हातात दिली तर त्यांतली किती वाचू शकतात, हे या भाद्रपदात एकदा पाहावे.

तिसरी मागणी थोडी निराळी आहे. आपल्या मुलांनी ओडियाही शिकावी. ज्या मातीत आपण पन्नास वर्षे गणपती बसवला, तिची भाषा २०१४ साली अभिजात म्हणून गौरवली गेली. आपल्या मराठीला तो मान ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला. त्या मुलीने आपला 'ळ' नीट उच्चारला, तेव्हा आपल्या मुलांनी तिचे पुस्तक उघडून पाहणे हे उसने फेडण्यासारखे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात असे म्हटले आहे. त्यातून शाळांत काय बदल होतील ते होवोत. घरात काय बदल व्हावा याचा निर्णय कोणत्याही मंत्रालयाच्या परिपत्रकाची वाट पाहत नाही.

वेशीबाहेरच्या त्या शाळेने माझ्या मुलांना देश दिला. मिझो कप्तानाच्या मागे धावायला शिकवले, हजार माणसांपुढे न घाबरता उभे राहायला शिकवले. त्या शाळेचा मी आजन्म ऋणी राहीन. घर देणे हे तिचे काम नव्हते. ते माझे होते, आणि मी ते तिच्या दप्तरात ढकलून मोकळा झालो होतो.

मुलगी आता महाविद्यालयात आहे. गेल्या सुट्टीत ती रविवारच्या वर्गावर एक तास शिकवायला आली होती. फळ्यावर तिने मोठे अक्षर काढले आणि समोरच्या सहा वर्षांच्या मुलाला विचारले, 'हे कोणते?' तो म्हणाला, 'ल.' ती हसली, आणि म्हणाली, 'मलाही तसेच वाटायचे. चल, पुन्हा गिरवू.'